नेट स्लो चालतंय? मोठा प्लॅन घेण्याआधी घरातला राउटर एकदा तपासा

मागच्या महिन्यात पिंपरीहून ताईचा फोन आला. भाचीची नोकरीसाठी ऑनलाइन मुलाखत होती. ती दोनदा तुटली. तिसऱ्यांदा जोडली तेव्हा आवाज येत होता, पण चेहरा गोठलेला. समोरच्या बाईंनी सांगितलं, "नेटची व्यवस्था करा, पुढच्या आठवड्यात पुन्हा बघू." पोरगी रडकुंडीला आलेली. ताईने नेटवाल्याला फोन केला, तर तो म्हणाला, "मॅडम, तुमचा प्लॅनच ५० चा आहे. १५० चा घ्या, प्रॉब्लेम संपला." महिन्याला साडेतीनशे रुपये जास्त. ताई पैसे भरायला निघालीच होती. मी म्हटलं, "रविवारपर्यंत थांब, मी येतो."

रविवारी गेलो. तीन तासांत कळलं की कंपनी देत होती ते ५० चे ५० नीट घरात पोहोचत होते. घोळ होता तो दारापासून मागच्या खोलीपर्यंतच्या वीस-पंचवीस फुटांत. त्या दिवशी काय काय तपासलं ते इथे लिहितो आहे, कारण हा प्रश्न एका घरापुरता नाही. मुलांच्या टेस्ट सिरीज, शिष्यवृत्तीचे फॉर्म, नोकरीच्या मुलाखती, सगळं आता याच डब्यावर चालतं. आणि "प्लॅन वाढवा" हे उत्तर देणाऱ्याला सोपं असलं तरी पैसे आपल्या खिशातून जातात.

आधी हिशेब नीट समजून घेऊ. प्लॅनवर लिहिलेलं ५० म्हणजे ५० मेगाबिट प्रतिसेकंद. आपण फाइल डाउनलोड करतो तेव्हा स्क्रीनवर बहुतेक वेळा मेगाबाइट दिसतात. ८ बिट म्हणजे १ बाइट. म्हणून ५० च्या प्लॅनवर फाइल सहा-सव्वासहा मेगाबाइटच्या वेगाने उतरत असेल तर तुम्हाला पूर्ण वेग मिळतो आहे. "१०० चा प्लॅन घेतला आणि १२ च मिळतात" ही तक्रार मी कितीतरी वेळा ऐकली आहे. त्यातल्या निम्म्या तरी या आठ पटीच्या गोंधळातून आलेल्या असतात.

दुसरा प्रश्न, लागतं किती? चांगल्या व्हिडिओ कॉलला तीन-चार एमबीपीएस पुरतात. नेटफ्लिक्स स्वतः फुल एचडीसाठी ५ आणि फोर-केसाठी १५ एमबीपीएस सांगतं. म्हणजे ताईच्या घरात एकाच वेळी भाचीची मुलाखत, टीव्हीवर सिनेमा आणि दोन फोनवर रील्स चालू असले तरी ५० मध्ये जागा उरते. मग मुलाखत तुटली कशी?

कुठे अडतंय ते आधी शोधा

इंटरनेटचा प्रवास तीन टप्प्यांचा. कंपनीपासून तुमच्या घरातल्या डब्यापर्यंत पहिला. डब्यापासून हातातल्या फोन-लॅपटॉपपर्यंत दुसरा. आणि कंपनीच्या पलीकडे, ज्या वेबसाइटवर तुम्ही जाताय तिथपर्यंत तिसरा. तीनपैकी कुठेही अडलं तरी आपल्याला एकच दिसतं: स्क्रीनवर फिरणारं गोल. त्यामुळे अंदाज बांधण्यात अर्थ नाही, मोजावं लागतं.

मोजायची सर्वात खात्रीची पद्धत म्हणजे वायफाय बाजूला ठेवून केबल लावणे. लॅपटॉपला लॅन केबलने राउटरच्या मागच्या पोर्टला जोडा. लॅपटॉपचं वायफाय बंद करा. घरातले बाकीचे फोन आणि टीव्ही पाच मिनिटांसाठी नेटवरून काढा. मग फास्ट डॉट कॉम किंवा स्पीडटेस्ट डॉट नेट उघडून तीन वेळा मोजा आणि आकडे कागदावर लिहून ठेवा. एकदा दुपारी आणि एकदा रात्री नऊच्या सुमारास मोजलंत तर अजून चांगलं. हल्लीच्या पातळ लॅपटॉपना लॅनचं भोकच नसतं. तसं असेल तर शेजाऱ्यांचा जुना लॅपटॉप तासभर मागून आणा. तोही नसेल तर राउटरपासून चार-पाच फुटांवर उभं राहून ५ गिगाहर्ट्झच्या वायफायवर मोजा. केबलइतकं पक्कं नाही, पण अंदाज येतो.

ताईकडे केबलवर आकडा आला ४८. त्याच केबलवर, त्याच मिनिटाला, मागच्या खोलीत भाचीच्या टेबलावर फोन ठेवून वायफायने मोजलं तर ६.

म्हणजे पहिला टप्पा ठणठणीत. १५० चा प्लॅन घेतला असता तर केबलवर १५० आले असते आणि मागच्या खोलीत पुन्हा ६ च.

डबा ठेवलाय कुठे?

नेटवाला राउटर बसवतो ते त्याची वायर जिथून घरात येते त्या जागी. त्याचं काम तिथे संपतं. ताईकडे डबा टीव्हीच्या मागे, शोकेसच्या खालच्या खणात होता. वर टीव्ही, शेजारी सेट-टॉप बॉक्स. तिथून मागच्या खोलीकडे सरळ रेघ ओढली तर मध्ये लोखंडी कपाट, मग किचनची टाइल्स लावलेली भिंत, मग फ्रिज. वायफायच्या लहरींना धातूसारखा अडथळा नाही. पत्रा, कपाट आणि आरशामागचा मुलामा त्यांना परतवतात. पाण्याची टाकी किंवा भरलेले हंडे त्यांना गिळतात. आरसीसीची भिंत निम्म्याहून जास्त ताकद खाऊन टाकते. पोटमाळा असलेल्या घरात राउटर वर आणि अभ्यास खाली असेल, आणि मध्ये लोखंडी चॅनेल आणि पत्रा असेल, तर एकाच खोलीत असूनही रेंज तुटते.

आम्ही डबा तिथून काढून भिंतीवर सहा फूट उंचीवर, किचनच्या दाराच्या रेषेत टांगला. एवढ्यानेच मागच्या खोलीत ६ चे २१ झाले. खर्च दोन खिळ्यांचा. हलवताना एक काळजी घ्या. फायबरची जी बारीक, बहुधा पिवळी किंवा पांढरी वायर असते तिला काटकोनात मुडपू नका, तिच्यावर खिळा-क्लिप ठोकू नका. आत काचेचा तंतू असतो. जास्त वाकवला की प्रकाश बाहेर गळतो, वेग पडतो किंवा लाइनच जाते. तिचं टोक काढलंत तर डोळ्यासमोर धरून बघू नका. आतला लेझर दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो. वायर अपुरी पडत असेल तर नेटवाल्याला लांब पॅचकॉर्ड मागा.

दोन वायफाय, दोन स्वभाव

बहुतेक नव्या राउटरवर दोन नावं दिसतात, एक साधं आणि एकाच्या शेवटी ५जी लिहिलेलं. हे मोबाइलचं फाइव्ह-जी नव्हे. हे ५ गिगाहर्ट्झचं वायफाय. ते वेगवान असतं, पण भिंतीपुढे लवकर दमतं. दुसरं २.४ गिगाहर्ट्झचं. ते लांब जातं, भिंत ओलांडतं, पण त्याचा रस्ता अरुंद आणि गर्दीचा. एका अँटेनाच्या साध्या फोनला २.४ वर कागदोपत्री ७२ एमबीपीएस मिळतात, प्रत्यक्षात त्याच्या निम्म्याच्या आसपास. प्लॅन ३०० चा घ्या नाहीतर ५०० चा, असा फोन २.४ वर जोडलेला असेल तर त्याला तेवढेच दिसणार.

गर्दीचं दुखणं आपल्या वस्त्यांना जास्त छळतं. २.४ मध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच धरले जातात: १, ६ आणि ११. आता मुंबईतल्या बीडीडी चाळीचा विचार करा. १६० चौरस फुटांची खोली, एका मजल्यावर २० खोल्या, इमारतीत ८०. निम्म्या घरांत राउटर असला तरी ४० राउटर तीन वाटांवर. आणि वायफायचा नियम असा की एका चॅनेलवर एका वेळी एकानेच बोलायचं. बाकीच्यांनी गप्प राहून आपली पाळी बघायची. एकच माइक असलेली सभा समजा. शेजारच्या घरातला राउटर बोलतो तेव्हाही तुमचा थांबतो. रात्री नऊला नेट रांगतं आणि पहाटे पाचला धावतं त्यामागे अनेकदा हेच असतं. मायक्रोवेव्ह ओव्हन आणि ब्लूटूथही याच पट्ट्यात वळवळत असतात.

लहान घरात आणि दाटीच्या वस्तीत म्हणून ५ गिगाहर्ट्झच वापरावं. भिंत ओलांडता येत नाही हा त्याचा अवगुण इथे गुण ठरतो, कारण शेजाऱ्याचं ५ ही आपल्या घरात फारसं येत नाही. आपल्या देशात २०१८ मध्ये या पट्ट्याचा मोठा भाग परवान्याविना वापरायला खुला झाला, त्यामुळे तिथे चॅनेलही भरपूर आहेत. फोनमधून घरातलं २.४ चं नाव 'विसरून' टाका, म्हणजे तो आपोआप तिकडे उडी मारणार नाही. जुना फोन, सीसीटीव्ही कॅमेरा, स्मार्ट बल्ब यांना मात्र २.४ च लागतं. त्यांना राहू द्या.

२.४ शिवाय गत्यंतर नसेल तर चॅनेल बदलून पाहा. ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाकायचा. तो बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो, डब्याच्या खालच्या स्टिकरवर लिहिलेला असतो, आणि टाइप करताना इंग्रजी अंक वापरायचे. आत वायरलेसच्या पानावर चॅनेल 'ऑटो' असतं. वायफाय अॅनालायझर प्रकारचं एखादं अॅप फोनवर घेऊन शेजारपाजारचे राउटर कोणत्या चॅनेलवर दाटले आहेत ते बघा आणि १, ६, ११ पैकी त्यातल्या त्यात मोकळं निवडा. चॅनेलची रुंदी २० ठेवा. ४० केली की वेग दुप्पट होईल असं वाटतं, पण दाट वस्तीत रुंद रस्ता मागणारा जास्त वेळ ताटकळतो.

त्याच पानाशेजारी सुरक्षेचं पान असतं. तिथे डब्ल्यूईपी किंवा टीकेआयपी दिसलं तर लगेच बदलून डब्ल्यूपीए२ आणि एईएस करा. जुनी सुरक्षा असेल तर वायफायचा जोडवेग ५४ एमबीपीएसवरच अडकतो, राउटर कितीही नवा असो. ही गोष्ट नेटवाल्यांपैकीही फार थोड्यांना ठाऊक असते. आणि तिथे आहातच तर जोडलेल्या उपकरणांची यादी बघून घ्या. ताईकडे अकरा निघाली, घरात माणसं चार. दोन फोन वरच्या मजल्यावरच्या मुलांचे होते. गणपतीत कधीतरी पासवर्ड दिला होता, तो राहिलाच. शेजाऱ्याला नेट द्यावं की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण दूरच्या, कमजोर रेंजच्या फोनचा एक तोटा समजून घ्या. त्याला तेवढीच माहिती पोहोचवायला राउटरला कितीतरी जास्त वेळ लागतो, आणि तो वेळ सगळ्यांच्या वाट्यातून जातो.

मुलाखत संध्याकाळी सातलाच का तुटली?

वेग वाढला, पण हा प्रश्न उरलाच होता. भाची म्हणाली, "मामा, दुपारी क्लासचं लेक्चर नीट चालतं. संध्याकाळीच गडबड होते." मग लक्षात आलं की दाजी कामावरून सातच्या सुमारास घरी येतात. बांधकामाच्या साइटवर सुपरवायझर आहेत, दिवसभर कामाचे फोटो आणि व्हिडिओ काढतात. फोनमध्ये बॅकअप 'फक्त वायफायवर' असं ठेवलेलं. दारात पाऊल टाकलं की फोन वायफायला जोडला जातो आणि दिवसभराचे व्हिडिओ वर चढायला सुरुवात होते. त्यांना स्वतःला याची कल्पनाही नव्हती.

आपण डाउनलोडचा आकडा बघतो, अपलोडकडे लक्षच जात नाही. व्हिडिओ कॉलला दोन्ही दिशा लागतात. अपलोडची वाट मोठ्या फाइलींनी भरली की राउटर येणारी पाकिटं रांगेत उभी करतो. रांग लांबते आणि भाचीचा आवाज त्या रांगेच्या शेवटी उभा राहतो. वेग असतो, पण पोहोचायला उशीर होतो. हे तपासायला फास्ट डॉट कॉमवर निकालाखाली 'जास्त माहिती' दाबा. तिथे लेटन्सीचे दोन आकडे येतात, नेट मोकळं असतानाचा आणि भरलेलं असतानाचा. पहिला १० मिलिसेकंद आणि दुसरा ३०० असेल तर दुखणं हेच. ताईकडे साधारण असंच निघालं.

उपाय साधा होता. दाजींच्या फोनवरचा बॅकअप हाताने, रात्री झोपताना सुरू करायचा. ज्यांच्या राउटरमध्ये क्यूओएस नावाची सोय आहे त्यांनी ती चालू करून अपलोडची मर्यादा प्रत्यक्ष वेगाच्या ८५-९० टक्क्यांवर ठेवावी. म्हणजे रांग लांबत नाही.

आणि ज्या टेबलावर मुलाखत होते तिथे सरळ केबल नेली. १० मीटरची तयार केबल, अडीचशे रुपयांच्या आत. भिंतीच्या कडेने, दाराच्या चौकटीवरून. लॅन केबल १०० मीटरपर्यंत वेग न गमावता जाते, त्यामुळे घरातल्या अंतराची चिंता नको. वायफाय वाढवणारे रिपीटर दुकानदार आग्रहाने विकतात. पण स्वस्त रिपीटर एकाच वाटेवर ऐकतो आणि बोलतो, म्हणून वेग सहसा निम्मा होतो. त्याऐवजी कपाटात पडलेला जुना राउटर केबलने मागच्या खोलीत नेऊन, त्यातलं डीएचसीपी बंद करून, केबल त्याच्या वॅन नव्हे तर लॅन पोर्टला लावली की तो उत्तम काम करतो.

केबलवरही वेग कमी असेल तर

मग दुखणं पहिल्या टप्प्यात आहे. तरीही कंपनीला फोन लावण्याआधी एक गोष्ट बघा. प्लॅन १५०, २०० किंवा ३०० चा आहे आणि केबलवर आकडा कायम ९३-९५ वर अडकतो? तर कुठेतरी १०० चं पोर्ट किंवा अर्धी केबल आहे. लॅन केबलमध्ये आठ तारा असतात. १०० एमबीपीएसला चार पुरतात, १००० ला आठही लागतात. घाईत चारच तारा दाबलेला जॅक मी अनेक घरांत पाहिला आहे. साध्या राउटरची पोर्टंही १०० चीच असतात. प्लॅन वाढवून देणाऱ्याने हे आधी सांगायला हवं. सांगत नाही.

डब्यावर 'लॉस'चा लाल दिवा लुकलुकत असेल तर फायबरचा प्रकाश पोहोचत नाही, त्यात आपल्याला करण्यासारखं काही नाही. दिवा ठीक असून लाइन तुटक असेल तर राउटरच्या पानावर 'आरएक्स पॉवर' नावाचा उणे आकडा शोधा. घरगुती फायबरला उणे ८ ते उणे २७ डीबीएम चालतं. उणे २८-३० दिसलं तर वायर कुठेतरी मुडपली आहे किंवा सांधा खराब आहे. तो आकडा सांगितला की फोनवरचा माणूस "राउटर बंद-चालू करा" एवढ्यावर सोडत नाही.

प्लॅनची डेटामर्यादाही बघा. बऱ्याच 'अनलिमिटेड' प्लॅनना ती असते, आणि ओलांडली की वेग खाली येतो. केंद्र सरकारने २०२३ मध्ये ब्रॉडबँड म्हणवून घेण्यासाठीची किमान मर्यादा ५१२ केबीपीएसवरून २ एमबीपीएस केली, पण २ एमबीपीएसमध्ये चार माणसांचं घर चालत नाही.

तक्रार करताना केबलवर मोजलेले आकडे, तारीख आणि वेळ द्या, आणि डॉकेट क्रमांक घेतल्याशिवाय फोन ठेवू नका. तो देणं कंपनीला ट्रायच्या नियमाने बंधनकारक आहे. समाधान झालं नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे त्या क्रमांकावरून अपील करता येतं. ट्राय स्वतः वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५.

राउटर बंद-चालू करण्याबद्दल थोडं. त्याने खरोखर फरक पडतो, कारण डब्याची भरलेली मेमरी रिकामी होते आणि तो नवं चॅनेल शोधतो. पण रोज करावं लागत असेल तर डबा तापतो आहे का ते बघा, सेट-टॉप बॉक्सवर ठेवलेला डबा तापतोच. मागच्या बारीक भोकातलं 'रीसेट' बटण मात्र टाचणीने दाबू नका. ते बंद-चालू नव्हे. त्याने कंपनीने भरलेलं युजरनेम-पासवर्ड पुसलं जातं आणि मग नेटवाला येईपर्यंत घर अंधारात.

डीएनएस बदला, ८.८.८.८ टाका, असे व्हिडिओ खूप फिरतात. त्याने वेबसाइट उघडायला होणारा पहिला उशीर थोडा कमी होऊ शकतो. डाउनलोडचा वेग वाढत नाही. आणि शेवटच्या तारखेला रात्री अकरा वाजता सरकारी पोर्टल उघडत नसेल, पण बाकी सगळं पळत असेल, तर तो तिसरा टप्पा आहे. तिथे हजारो मुलं एकाच दारात उभी असतात. राउटरला दोष देऊ नका, मोबाइल डेटावर पैसे घालवू नका. पहाटे उठून प्रयत्न करा आणि पुढच्या वेळी फॉर्म आठ दिवस आधी भरा.

भाचीची मुलाखत पुढच्या गुरुवारी संध्याकाळी सातलाच झाली. पस्तीस मिनिटं चालली, एकदाही तुटली नाही. निकाल अजून यायचा आहे. दाजी त्या दिवशी सातला घरी आले आणि फोन बंद करून जिन्यातच बसून राहिले. ताई म्हणाली, "अहो, बॅकअप बंद केलाय, आत या." तरी आले नाहीत.